अंग इटलीचं, इंजिन जपानचं

जुन्या गाडीत जास्त ताकदीचं इंजिन बसवायचं, त्याला टर्बो लावायचा आणि मग क्लचपासून मागच्या चाकांपर्यंत एकेक भाग बदलत जायचं, हा खेळ यूट्यूबवर पाहिला की तो अमेरिका-जपानमधल्या पैसेवाल्या हौशी लोकांचा वाटतो. आपल्याकडे हे काम हौशी लोकांच्या आधी कारखान्यांनी केलं. तेही हौसेने नाही, नाइलाजाने.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये '११८ एनई' बाजारात आणली. एनई म्हणजे निसान इंजिन. अंग होतं फियाट १२४चं. हीच गाडी इटलीत १९६६ मध्ये आली, तिकडे रशियात लाडा म्हणून लाखोंनी खपली आणि आपल्याकडे पोहोचेपर्यंत जवळपास दोन दशकं गेली. तिच्या पोटात निसानचं ए-१२ हे ११७१ सीसीचं, ५२ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि त्याला निसानचाच गिअरबॉक्स. आज एखाद्या पोराने गॅरेजमध्ये असं केलं तर आपण त्याला 'स्वॅप' म्हणतो. तेव्हा त्याला नवं मॉडेल म्हणायचे.

हे असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९२८ पासून शिवडीला जनरल मोटर्स सुट्या भागांतून गाड्या जोडत होती. स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण ठरलं: इथे खरोखर उत्पादन करा, नाहीतर जा. १९५४ मध्ये जनरल मोटर्स गेली. राहिल्यांमध्ये वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर होती. तिने फियाटचा हात धरला, आणि १९६४ मध्ये आलेली ११०० डी हीच गाडी नावं बदलत २००० पर्यंत निघत राहिली. १९७२ मध्ये ती 'प्रेसिडेंट' झाली, १९७४ पासून 'पद्मिनी'. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या मागे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपल्या आई-बाबांच्या पिढीला ही गाडी माहीत आहे.

मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि जुन्या कंपन्यांची झोप उडाली. नवी गाडी मुळापासून बनवायची तर सगळ्यात महाग पडतात ते पत्रा दाबायचे साचे. परदेशात बंद पडलेल्या मॉडेलचे साचे त्यापेक्षा स्वस्तात मिळत. इंजिनासाठी जपानी कंपन्यांशी करार करायला सरकार आता परवानगी देऊ लागलं होतं. म्हणून अंग एकाचं, इंजिन दुसऱ्याचं. हिंदुस्तान मोटर्सने व्हॉक्सहॉलच्या साच्यांतून कॉन्टेसा काढली, पण आधी तिच्यात ॲम्बॅसडरचंच १४८९ सीसीचं, पन्नासेक हॉर्सपॉवरचं इंजिन घातलं. एवढ्या अवजड गाडीला ते पुरणार कुठून! पुढे इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स आला, तेव्हा कुठे ती दिसायची तशी धावायला लागली. मद्रासच्या स्टँडर्डने उलटंच केलं. रोव्हरच्या ज्या देखण्या गाडीत इंग्लंडमध्ये साडेतीन लिटरचं व्ही-८ मिळायचं, तिच्यात जुन्या व्हॅनगार्डचं दोन लिटरचं इंजिन बसवून 'स्टँडर्ड २०००' विकली. ती काही वर्षांतच बंद पडली. माझ्या मते आपल्या मोटार-इतिहासातला सगळ्यात केविलवाणा स्वॅप हाच.

इंजिन बदलणं हा त्यातला सोपा भाग आहे. खरी गंमत, आणि खरा खर्च, त्याच्या मागे असतो. समजा पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.५ आणि मागच्या डिफरन्शियलचं ४ आहे. इंजिनाने दिलेला पीळ क्लचवर जसाच्या तसा येतो. गिअरबॉक्समधून बाहेर पडून प्रोपेलर शाफ्टवर येताना तो साडेतीन पट होतो. क्राउन-पिनियन ओलांडून एक्सलपर्यंत पोहोचेस्तोवर तो चौदा पट झालेला असतो (घर्षणात थोडा जातो, तो सोडा). आता टर्बो लावून इंजिनाचा पीळ फक्त ५० न्यूटन-मीटरने वाढवला, तर दोन्ही एक्सलवर मिळून ७०० न्यूटन-मीटरचा जादा भार पडतो. चाळीस हॉर्सपॉवरसाठी बनवलेल्या एक्सलला हे कोणी विचारलेलं नसतं. क्लच घसरतो तेव्हा निदान वास येतो. क्रॉस जॉइंट आधी कुरकुरतो. एक्सल मात्र एके दिवशी सिग्नलवरून निघताना सरळ तुटतो.

दुसरी अडचण वेगाची. कमी ताकदीच्या गाडीला चढ चढता यावा म्हणून डिफरन्शियलचं गुणोत्तर मोठं ठेवतात. अशा गाडीत ताकदवान इंजिन टाकून अहमदाबाद हायवेवर निघालात की ताकद असूनही इंजिन किंचाळत राहतं, गाडी जाते ८०ने. म्हणून एक तर पाचवा गिअर हवा, नाहीतर क्राउन-पिनियन बदलायला हवा. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांमध्ये लेथवर काम करणारे कारागीर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी प्लेट बनवून देऊ शकतात, प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करून त्याचं बॅलन्सिंगही होतं. पण क्राउन-पिनियनचे दाते असे लेथवर कातता येत नाहीत. तो तयारच शोधावा लागतो, कुर्ल्याच्या भंगारात किंवा ऑपेरा हाउसच्या दुकानांत.

महाराष्ट्रातल्याच दोन गाड्यांनी हे कोडं वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवलं. अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धाटणीची फायबरची हलकी रोडस्टर काढली. इंजिन तेच इसुझू १८००. वजन कमी केलं की त्याच ताकदीत गाडी पळते आणि मागच्या भागांवर ताणही कमी येतो. दुसरी डीसी अवंती, २०१२च्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवलेली. तिच्यात रेनोचं दोन लिटरचं २५० हॉर्सपॉवरचं टर्बो इंजिन होतं, पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीसाठी बनलेलं. ते गिअरबॉक्ससकट उचलून सीटच्या मागे ठेवलं आणि मागची चाकं फिरवायला लावलं. लांब प्रोपेलर शाफ्टच उरला नाही. युक्ती जुनीच आहे, फियाटने १९७२ मध्ये एक्स १/९ मध्ये हेच केलं होतं. पण चांगली युक्ती उसनी घेण्यात मला काही वावगं वाटत नाही.

या दोघा उत्पादकांना जे करता आलं, ते तुम्हा-आम्हाला करता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ उत्पादकाने दिलेल्या वर्णनाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी ठाशीव केलं. सीएनजीसारख्या मान्यताप्राप्त किटला मुभा आहे, टर्बोच्या हौसेला नाही. जुलै २०२१ मध्ये त्यात आणखी एक पदर आला. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची विंटेज नोंदणी मिळू लागली. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, अंग, इंजिन यांत मोठा फेरफार नको. आणि ती रोज फिरवायची नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल एवढ्यापुरतीच.

'मूळ रूप' हा शब्द वसईत बसून वाचताना मजा वाटते. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली आणि इथल्या चर्चमधल्या घंटा देवळांत गेल्या. एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात. त्या घंटांना कोणी फेरफार म्हणत नाही.

पण आरटीओला घंटेचा दाखला देऊन चालत नाही. आमच्या ओळखीतल्या एका दादांकडे, वसई गावात, १९७४ची पद्मिनी आहे. वडिलांची. खाऱ्या हवेने खालचा पत्रा दोनदा बदलून झालाय, इंजिन मात्र पहिलंच. त्यांचा मुलगा माझा मित्र. त्याला तिच्यात टर्बो पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स हवा होता. मोजमापंही घेऊन झाली होती. गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झाली तेव्हा प्रश्न कागदावर आला. स्वॅप केला तर विंटेज नोंदणी गेली, आणि कलम ५२चं लचांड मागे लागणार. नाही केला तर गाडी महिन्यातून एकदा कव्हर काढून पुसायची वस्तू होणार. दादांचं म्हणणं, बाबा या गाडीने आम्हाला नाशिकला न्यायचे, कसारा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढायचो, ते तसंच राहू दे. मुलाचं म्हणणं, न चालणारी गाडी जपून काय करायचं.

तिसरी वाट साधी नोंदणी नूतनीकरण करत राहण्याची. दर पाच वर्षांनी विरारच्या आरटीओत तपासणी, वर पर्यावरण कर. त्यात इंजिन तेच ठेवून आतून ते नीट करता येतं: बोअरिंग, नवे पिस्टन, घासलेला क्रँक, नवी क्लच प्लेट, नवे क्रॉस. ताकद वाढणार नाही, पण १९७४ मध्ये होती तेवढी परत येईल. दोघांनी तूर्त हेच धरलंय. ब्लॉक सातिवलीला बोअरिंगला गेलाय. स्वॅपसाठी घेतलेला पाच गिअरचा गिअरबॉक्स गोणपाटात गुंडाळून जिन्याखाली ठेवलाय, आणि तो विकायचा विषय अजून कोणी काढलेला नाही.