अणुगर्भातील द्राविडी प्राणायाम

नाकाला सरळ हात लावता येत असताना तो डोक्यामागून फिरवून आणणाऱ्या माणसाला आपण हसतो. परंतु सरळ वाटच बंद असली तर? अणुगर्भशास्त्राच्या इतिहासात असा एक प्रश्न आहे, की ज्यात आडवाट हाच शहाणपणा ठरला. त्याची हकीकत आज पाहावयाची आहे.

१९३२ साली केंब्रिज येथे जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनचा शोध लावला. या कणावर विद्युत्भार नसल्यामुळे अणुगर्भ त्याला दूर लोटत नाही. १९३४ साली रोममध्ये एन्रिको फर्मी यांनी एकामागून एक मूलद्रव्यांवर न्यूट्रॉन सोडले, तेव्हा संथ न्यूट्रॉन पुष्कळदा अधिक सहज गिळले जातात असे त्यांना आढळले. अणुगर्भाने न्यूट्रॉन गिळावा आणि गॅमा किरण सोडून शांत व्हावे, या क्रियेला आपण न्यूट्रॉनग्रहण म्हणू. १९५७ साली बर्बिज पतिपत्नी, फाउलर आणि हॉइल यांनी दाखविले, की लोखंडाहून जड मूलद्रव्ये बहुतांशी याच क्रियेने ताऱ्यांमध्ये घडतात. आपल्या घरच्या मंगळसूत्रातील सोन्याचीही कुळकथा हीच आहे.

मग कोणता अणुगर्भ किती त्वरेने न्यूट्रॉन गिळतो, हे मोजले की झाले! पण गाडे अडते ते येथेच. सोने घडविणाऱ्या वेगवान प्रक्रियेतील अनेक अणुगर्भ सेकंदभरही टिकत नाहीत. त्यांचे लक्ष्य करून न्यूट्रॉन सोडावेत, तर ते लक्ष्य बाण पोहोचण्यापूर्वीच विरून जाते. बरे, बाण आणि लक्ष्य यांची अदलाबदल करावी, तर मोकळा न्यूट्रॉन स्वतःच सरासरी पाऊण तासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, म्हणजे पंधरा मिनिटांच्या आतबाहेर जगतो; त्याचे लक्ष्य बांधावयाचे कसे? दोन्ही दारे बंद.

तिसऱ्या दाराची किल्ली १९३६ साली नील्स बोर यांनी दिली होती. बाहेरचा कण आत शिरला, की त्याची ऊर्जा सर्व घटकांत वाटली जाते. असा संयुक्त अणुगर्भ आपण कसे जन्मलो हे विसरतो, असे त्यांचे म्हणणे. आळंदीहून आलेला वारकरी कोण आणि देहूहून आलेला कोण, हे चंद्रभागेच्या वाळवंटात जसे ओळखू येत नाही, तसेच हे. या कल्पनेची गाजलेली परीक्षा १९५० साली बर्कले येथे घोषाल या भारतीय शास्त्रज्ञाने घेतली. त्यांनी जस्त-६४ हा संयुक्त अणुगर्भ दोन वाटांनी घडविला: तांबे-६३वर प्रोटॉन सोडून आणि निकेल-६०वर अल्फा कण सोडून. पुढची मोडतोड दोन्हीकडे सारखीच निघाली.

जन्म विसरला जात असेल, तर न्यूट्रॉनवाचून तोच अणुगर्भ दुसऱ्या वाटेने का घडवू नये? १९७० साली क्रेमर आणि ब्रिट यांनी हाच मार्ग धरला. युरेनियम-२३९ साडेतेवीस मिनिटांत निम्मे होते. म्हणून त्यांनी टिकाऊ युरेनियम-२३८वर ट्रायटॉन सोडले. ट्रायटॉनमधील दोन न्यूट्रॉन आत राहिले, प्रोटॉन बाहेर पडला आणि हवा तो युरेनियम-२४० तयार झाला. मुंबईतही हा मार्ग चोखाळला गेला. थोरियमपासून युरेनियम-२३३ हे इंधन होताना मध्ये प्रोटॅक्टिनियम-२३३ लागते, त्याचे अर्धायुष्य २७ दिवसांचे. तेवढ्यात त्याने दुसरा न्यूट्रॉन गिळला, तर होऊ घातलेले इंधन हातचे जाते. कुलाब्याच्या पेलेट्रॉन यंत्रावर लिथियम-६चे कण थोरियमवर सोडून, न्यूट्रॉनने हे द्रव्य किती दुभंगेल याचे आकडे काढण्यात आले; ते २००८ साली प्रसिद्ध झाले.

दुभंगण्यापुरते हे बरे जमले. ग्रहणाच्या बाबतीत मात्र फसगत होऊ लागली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच प्रयोगात आडवाटेचे उत्तर थेट मोजलेल्या आकड्याच्या सुमारे दहापटीपर्यंत गेले. वारकरी कोठून आला हे चेहऱ्यावरून कळत नसले, तरी किती चालून आला हे पाय सांगतात. अणुगर्भही सारेच विसरत नाही; त्याची फिरकी, म्हणजे कोनीय संवेग, शिल्लक राहतो. न्यूट्रॉनने दिलेली फिरकी आणि दुसऱ्या कणाने दिलेली फिरकी यांत फरक असतो, आणि गॅमा किरण सोडण्याचे प्रमाण तिच्यावर अवलंबून असते.

हा फरक हिशेबात धरल्यावर वाट सुधारली. २०१८ साली युटा एशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या ८० तासांत निम्मे होणाऱ्या इट्रियम-८७चे ग्रहण या रीतीने काढले. २०१९ साली मॉलिब्डेनम-९५ या टिकाऊ अणुगर्भावर रीत पारखली गेली आणि तिचे उत्तर थेट मोजमापाशी जुळले.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर पृथ्वीवरून टिपली गेली आणि जड मूलद्रव्ये तेथे घडतात याचा पुरावा मिळाला. मात्र कोणते द्रव्य किती घडले, हा हिशेब या ग्रहणाच्या आकड्यांवाचून पुरा होत नाही. जेथे थेट पाहता येत नाही, तेथे आडून पाहावे हे खरे. पण आडून पाहिलेले आधी उघड्यावर ताडून घ्यावे, हा या इतिहासाचा धडा आहे.