कोंडाण्याच्या विहारांतील बोलण्याची रीत

कर्जतजवळ, राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशीं, कोंडाण्याचीं लेणीं आहेत. चैत्याच्या दर्शनी भागाशेजारीं एक भग्न मस्तक असून त्याजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा अंतेवासी बलक यानें हें केलें, असा तिचा आशय. लेणें इ. स. पूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचें. बलक हा शिल्पशाळेंतील शिष्य असो कीं संघांतील, मला 'अंतेवासी' या शब्दापाशीं थांबावेंसें वाटतें.

अंतेवासीनें आचार्याशीं कसें बोलावें हें पालि विनयपिटकांत बारकाईनें सांगितलें आहे. आचार्य बोलत असतां मध्येंच तोंड घालूं नये. परंतु त्याच्या तोंडून दोषास्पद शब्द निघण्याच्या बेतांत असेल तर त्यास आवरावें. गुरूपुढें मान खालीं घालणें एवढ्यासच विनय म्हणणारे आपण लोक यांतील दुसरें कलम सोयीस्करपणें विसरलों.

पावसाळ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. वर्षाकाळीं तीन महिने एके ठिकाणीं राहणें भिक्षूंस नियमानेंच प्राप्त. मधला मंडप, भोंवतीं कोठड्या, त्यांत निजावयास दगडी ओटे, बाहेर उल्हासेच्या खोऱ्यांतला पाऊस: भांडण व्हावयास कितीसा वेळ? एकदां कांहीं भिक्षूंनीं यावर उपाय म्हणून सारा वर्षावास मौनांत काढला. बुद्धानें त्यांचें कौतुक केलें नाहीं. हें तर पशूंसारखें राहणें, असें म्हणून त्यांस फटकारलें आणि 'पवारणा' घालून दिली. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येकानें आपला पाहिलेला, ऐकलेला किंवा संशयित दोष सांगा, अशी संघास स्वतः विनंती करावयाची.

दोष दाखविणाऱ्यासही मोकळें रान नव्हतें. त्यानें प्रथम समोरच्याची परवानगी मागावी; मग योग्य वेळीं, खरें, मृदु, हिताचें व मैत्रीच्या भावनेनें बोलावें. ज्याच्यावर ठपका, त्यानें सत्य सोडूं नये व रागावूं नये. संघांत तट पडलेच तर मध्यें एकेक आसन सोडून बसावें, असाही एक व्यवहारी नियम कौशांबीच्या कलहाच्या निमित्तानें झाला.

एवढें असूनही वाद चिघळत. परिनिर्वाणानंतर सुमारें १०० वर्षांनीं वैशालीस ७०० भिक्षु जमले, तेव्हां बोलणें इतकें वाढलें कीं कोणाचेंच म्हणणें कळेना. अखेर पूर्वेकडील चार व पश्चिमेकडील चार अशा आठांवर काम सोंपविण्यांत आलें. वादाच्या १० विषयांपैकीं एक, शिंगांत मीठ सांठवून ठेवावें कीं नाहीं, हा होता! तोही इतरांइतक्याच गांभीर्यानें तपासला गेला, आणि दहाही गोष्टी नियमबाह्य ठरल्या.