गोंगाटात लपलेल्या एकट्या लहरी

सूर्याच्या विरुद्ध बाजूला पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला लांबलचक शेपूट आहे. सूर्याकडून सतत वाहणारा प्लाझ्मा ती ताणून धरतो. १९७६ मध्ये डोनाल्ड गर्नेट आणि सहकाऱ्यांनी आयएमपी-८ उपग्रहाच्या नोंदींवरून तिथल्या विद्युत लहरींचं वर्णन केलं. त्यातल्या एका प्रकाराची ऊर्जा खालपासून वरपर्यंत सगळ्या फ्रिक्वेन्सींमध्ये पसरलेली होती. त्याचं नाव पडलं 'ब्रॉडबँड इलेक्ट्रोस्टॅटिक नॉइज'. नॉइज, म्हणजे गोंगाट.

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं. सर्व्हरची तब्येत मी रोज आलेखांवर बघतो आणि ते आलेख बहुतेक सरासरीचे असतात. म्हणून या नावापाशी मी अडलो. गोंगाट अवकाशात होता, की नोंद ठेवण्याच्या पद्धतीत?

तेव्हाची यंत्रं बहुधा लहरीचा आकार पाठवत नसत. कुठल्या फ्रिक्वेन्सीच्या कप्प्यात किती ताकद, एवढेच आकडे यायचे. आता एक टाळी वाजवून बघा. तिला ठरावीक सूर नसतो. स्पंद जितका क्षणिक, तितका तो जास्त फ्रिक्वेन्सींमध्ये पसरतो. फूरियेचं हे गणित इंजिनिअरिंगला आपण सगळे घोकतो. कप्प्यांच्या तक्त्यात सुट्या टाळ्या आणि नुसती खरखर जवळपास सारख्याच दिसतात.

१९८२ मध्ये एस३-३ उपग्रहाच्या नोंदींत, ध्रुवीय प्रकाशाच्या प्रदेशावर, असे सुटे स्पंद सापडले होते. शेपटीतलं कोडं मात्र जपानच्या जिओटेलने सोडवलं. १९९२ मध्ये सुटलेल्या या यानावर लहरीचा आकारच टिपणारं यंत्र होतं. डेटा इतका व्हायचा की ते मधूनमधून काही सेकंदच नोंद घ्यायचं. तेवढं पुरलं. १९९४ मध्ये हिरोशी मात्सुमोतो, हिरोत्सुगु कोजिमा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गोंगाटाचा मोठा भाग म्हणजे मिलिसेकंदांचे सुटे स्पंद आहेत. विद्युतक्षेत्र एकदा वर, लगेच खाली, मग शांत. नवं नाव आलं : इलेक्ट्रोस्टॅटिक सॉलिटरी वेव्ह.

आकार कळला, कारण नाही. दावेदार दोन होते. पहिला, बर्नस्टाईन, ग्रीन आणि क्रुस्कल यांचा १९५७ चा सिद्धांत : इलेक्ट्रॉन विभवाच्या खळग्यात अडकतात आणि ती रचना स्वतःला टिकवत पुढे सरकते. दुसरा, सॉलिटॉन. १८३४ मध्ये स्कॉटलंडच्या कालव्यात जॉन स्कॉट रसेलने घोड्यावरून ज्या पाण्याच्या उंचवट्याचा पाठलाग केला, त्याचा हा वंशज. त्या लहरीचं समीकरण १८९५ मध्ये कोर्टेवेग आणि डी व्रीज यांनी मांडलं. १९६६ मध्ये वाशिमी आणि तानिउती यांनी ते प्लाझ्मातल्या लहरींना लावलं.

या दुसऱ्या वाटेवर पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत गुरबक्ष लाखीना, सत्यवीर सिंग आणि सहकाऱ्यांनी बरंच काम केलं. साध्या इलेक्ट्रॉन-ध्वनी मॉडेलमधून ऋण विभवाचे सॉलिटॉन निघत, उपग्रहांना मात्र बरेचदा धन विभवाचे स्पंद दिसत. गरम इलेक्ट्रॉनांचं जडत्व हिशोबात घेतल्यावर समीकरणांतून धन विभवाचेही निघाले.

दोघांमध्ये फरक करायची एक खूण आहे. साधा सॉलिटॉन उंच होताना अरुंद होतो. अडकलेल्या इलेक्ट्रॉनांची रचना उंचीबरोबर रुंदही होऊ शकते. म्हणजे प्रत्येक स्पंदाची उंची आणि रुंदी वेगवेगळी मोजायला हवी. सरासरीत दोन्ही हरवतात.

लॉग किती दिवस ठेवायचे यावरून आमच्या मीटिंगमध्ये हमखास वाद होतो. मी कच्च्या नोंदींच्या बाजूने बोलतो. सगळ्या ठेवणं परवडत नाही, पण मधूनमधले काही सेकंद तरी ठेवूया.