अंगोऱ्याच्या वाटेवर दोघं

साल 1891. एप्रिल नुकताच लागलाय. इस्तंबूलहून सुटलेली लहानशी आगबोट हैदरपाशाच्या धक्क्याला टेकते आणि तुम्ही सायकल ढकलत फळीवरून उतरता. इथे आशिया सुरू होतो. मागे धुक्यात जहाजांची दाटी आहे, त्यातल्या एकाच डोलकाठीवर तुमच्या देशाचा झेंडा दिसतोय. तुमचं नाव थॉमस अ‍ॅलन. बरोबर आहे तो विल्यम साख्टलेबेन, कॉलेजातला दोस्त. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाची पदवी हातात पडली आणि दुसऱ्याच दिवशी दोघांनी न्यूयॉर्कची वाट धरली. 23 जून 1890 ला लिव्हरपूलचं जहाज पकडलं, आणि सायकलवारी सुरू झाली ती थेट लिव्हरपूललाच. युरोप ओलांडून हिवाळा अथेन्समध्ये काढला. आता समोर आहे खरी मजल: इथून पॅसिफिक महासागरापर्यंत सुमारे सात हजार मैल.

वाट दाखवायला एक बारा वर्षांचा आर्मेनियन मुलगा आलाय. त्याचे वडील डॉक्टर; इस्तंबूलमध्ये तुम्ही त्यांच्याच घरी उतरला होतात. थोडं अंतर तो सायकलींच्या बरोबरीने धावतो. मग थांबतो, तुमचे हात आपल्या दोन्ही हातांत घेतो आणि देव तुम्हाला सांभाळो म्हणतो. पोरवयातली भीती म्हणून ती बाजूला सारू नका. आतल्या मुलखातल्या लुटालुटीच्या आणि कत्तलींच्या गोष्टी त्याच्या लोकांत कायम बोलल्या जातात, आणि तीनच वर्षांनी, 1894 पासून, या साम्राज्यात आर्मेनियन माणसं खरोखरच हजारोंनी मारली जाणार आहेत. इस्तंबूलही त्यातून सुटणार नाही.

तुम्हाला अडवू पाहणारा तो पहिला नव्हे. लंडनच्या चिनी वकिलातीनेही बजावलं होतं, की पश्चिम चीनमध्ये जाल तर स्वतःच्या जबाबदारीवर जा. परवान्यासाठी अमेरिकेच्या राजदूताची शिफारस हवी, म्हणून तुम्ही रॉबर्ट लिंकन यांच्या कचेरीत गेलात. अब्राहम लिंकन यांचे चिरंजीव ते.

आता खाली सायकलकडे बघा. दोन सारख्या चाकांची, साखळीची, नव्या घडणीची ‘सेफ्टी’. सहा वर्षांपूर्वी थॉमस स्टीव्हन्स हा सायकलस्वार याच मुलखातून गेला तो पुढे अवाढव्य चाक आणि मागे टीचभर चाक असलेल्या सायकलवर. त्या मानाने तुमचं बरं आहे, पण फ्रीव्हील अजून आलेलं नाही. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरतच राहणार. चढावर दम खायला पाय थांबवले की सायकल जागच्या जागी उभी. उतार लागला की पाय पॅडलवरून झटकन उचलून पुढच्या फोर्कवरच्या टेकणांवर ठेवायचे. ब्रेक म्हणजे वरून टायरवर दाबला जाणारा लोखंडी चमचा. त्याचा दांडा आवळताना तळहाताला रग लागते. रस्त्यात एखादा दगड आला तर काय करायचं, हे पाय टेकणावर असताना ठरवायला वेळ मिळत नाही. पहिल्या दिवसांत शरीर हेच शिकत असतं.

उजव्या हाताला मार्मारा समुद्र, आणि साथीला 1873 मध्ये सुरू झालेली इझमितची रेल्वे. इझमितच्या पुढे मात्र गाडी अजून अंगोऱ्याला, म्हणजे आजच्या अंकाराला, पोचलेली नाही. लोहमार्गाचं काम चालू आहे, तो अंगोऱ्याला लागेल 1892 च्या अखेरीस. साकार्या नदीच्या खोऱ्यात बैलगाड्या दिसण्याच्या कितीतरी आधी ऐकू येतात. भरीव लाकडी चाकं, चाकांबरोबरच फिरणारा आस, आणि वंगण न घातलेल्या रहाटासारखी न थांबणारी करकर. बैल या आवाजाला सरावलेले असतात. बिचकतात ते तुमच्या मुकाट सायकलीला.

संध्याकाळी खानात, म्हणजे सरायीत, उतरायचं. दार लागायच्या आत गाव गोळा होतं. ‘बिन बाकालुम! बिन बाकालुम!’ बसा बघू, चालवून दाखवा. पाय भरून आलेत, पोटात भूक आहे, तरी पुन्हा सायकलवर बसून अंगणात फेरी मारावी लागते. एकाने फेरी मारायची, दुसऱ्याने सामानापाशी थांबायचं. त्यात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रमजान लागतो. दिवसा कोण शिजवणार? ऊन कलेपर्यंत सगळं गाव उपाशी असतं, आणि सूर्य मावळला की त्याच गावात ताटं मांडली जातात. पातळ भाकरी, दही, पिलाव. ज्यांनी तासभर तुम्हाला चालवून चालवून दमवलं, तेच सरकून जागा करून देतात.

दोघांनी एक नेम केलाय: दुभाषा ठेवायचा नाही, वाटाड्याही नाही. भाकरी मागायची तर तुर्की शिकलंच पाहिजे. एकाला जो शब्द सापडेल तो रात्रीपर्यंत दुसऱ्याचाही होतो. मला या सफरीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. त्यांनी सायकलवर एकूण 15,044 मैल कापले, 4 जुलै 1891 ला अरारात पर्वताच्या माथ्यावर पोचले, गोबीचं वाळवंट पार करून 1892 मध्ये पेकिंग गाठलं. पण ते सगळं जमलं, कारण या पहिल्या आठवड्यांत दोघं एकमेकांच्या भरवशावर अनोळखी माणसांत मिसळायला शिकले. एकटा माणूस थकला की चिडतो आणि चिडला की चुकतो. दोघांत एकाचं डोकं बहुतेक वेळा ठिकाणावर असतं.

हे मी हवेत बोलत नाही. पिट्सबर्गचा फ्रँक लेन्झ 1892 मध्ये एकटाच जगप्रदक्षिणेला निघाला. तो निधड्या छातीचा आणि तरबेज सायकलपटू होता. 1894 मध्ये एर्झुरूमजवळच्या मुलखात त्याचा खून झाला. त्याचा माग काढायला 1895 मध्ये एका अमेरिकन मासिकाने ज्याला धाडलं, तो साख्टलेबेन होता. ज्या वाटेने तो मित्राबरोबर गेला होता, तिथे त्याला आता कत्तलींच्या काळात, एका मेलेल्या माणसाच्या शोधात फिरावं लागलं.

दोघांनी मिळून लिहिलेलं ‘अक्रॉस एशिया ऑन अ बायसिकल’ 1894 मध्ये न्यूयॉर्कला निघालं. त्याचे हक्क केव्हाच संपलेत, इंटरनेटवर ते फुकट वाचायला मिळतं. परदेशात सायकल घेऊन जायचं मनात असेल, तर तिकिटं काढण्याआधी त्याचं पहिलं प्रकरण वाचा, आणि ज्याला बरोबर नेणार आहात त्यालाही वाचायला लावा.