जॉन स्मिथचें दप्तर

इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. तेव्हांपासून घरोघरचीं जुनीं दप्तरें ही राष्ट्राची ठेव होय, ही गोष्ट महाराष्ट्रास पटूं लागली. मात्र ही आस्था आपण बहुधा मोडी कागदांपुरतीच राखली आहे. पानिपतच्या स्वारींतील एखाद्या शिलेदाराचें चार ओळींचें पत्र हातीं आलें, तर त्यावर परिषदेंत निबंध वाचला जातो. आजोबांच्या ट्रंकेंत १९३८ सालचें परदेशी शिक्क्याचें पाकीट निघालें, तर नातू तिकीट काढून घेतो आणि पाकीट बंबांत जातें. आमच्या मतें हें दुसरें पाकीटही तितकेंच मोलाचें आहे. तें कां, हें एका मराठी माणसाच्या चरित्रावरून दाखवितां येईल.

नागपूरचे गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार हे ते गृहस्थ. नोव्हेंबर १९२९ मध्यें राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढें १९३१ सालच्या बालाघाट येथील राजकीय दरोड्याच्या प्रकरणांत त्यांस शिक्षा झाली. सुटल्यावर वृत्तपत्रव्यवसाय शिकण्यास ते लंडनला गेले, आणि तेथून १९३७ सालीं स्पेनला! हा शेवटचा टप्पा समजण्यास त्या वेळचें यूरोप डोळ्यांपुढें आणिलें पाहिजे. जुलै १९३६ मध्यें जनरल फ्रँको व त्याचे साथीदार यांनीं स्पेनच्या लोकनियुक्त सरकाराविरुद्ध बंड उभारलें. हिटलर-मुसोलिनींनीं त्यांस विमानें व फौज पुरविली. इंग्लंड-फ्रान्स यांनीं तटस्थतेचें सोंवळें नेसलें. सरकारें हललीं नाहींत, पण माणसें हललीं. पन्नासांहून अधिक देशांतून सुमारें ३५,००० स्वयंसेवक आंतरराष्ट्रीय तुकड्यांत दाखल झाले. ज्या साम्राज्याच्या तुरुंगांत वर्षें काढलीं, त्याच साम्राज्यांतील कामकऱ्यांच्या खांद्याशीं खांदा लावून लढण्यास हा नागपूरकर गेला, हें आम्हांस त्यांच्या चरित्रांतील सर्वांत विलक्षण वाटतें.

गेला, तो मात्र आपल्या नांवानें नव्हे. परकीय सैन्यभरतीचा १८७० चा कायदा स्पेनलाही लागू आहे, असें ब्रिटिश सरकारनें जानेवारी १९३७ मध्यें जाहीर केलें होतें. त्यामुळें तेथें लढावयास जाणें हाच गुन्हा ठरला होता. हुद्दारांनीं नांव घेतलें ‘जॉन स्मिथ’. इंग्लंडांत ज्याला कोणी ओळखूं नये, अशा माणसासाठीं याहून सोईचें नांव नाहीं. गंमत अशी कीं, ज्या ब्रिटिश पलटणींत ते गेले, तिला अधिकृत नांव होतें सकलातवाला यांचें! मुंबईंत जन्मलेले व लंडनच्या बॅटरसी भागांतून पार्लमेंटांत निवडून गेलेले शापुरजी सकलातवाला १९३६ सालीं वारले होते. पारशाच्या नांवानें इंग्रज लढत होते आणि इंग्रजाच्या नांवानें मराठी माणूस!

१९३८ च्या वसंतऋतूंत आरागोनच्या आघाडीवर प्रजासत्ताकाच्या फौजेची पांगापांग झाली. त्या माघारींत गांदेसाच्या बाजूस हुद्दार शत्रूच्या हातीं लागले. त्यांस बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठांत कोंडण्यांत आलें. स्पेनचा जो पुराणपुरुष एल् सिद, त्याच्या समाधीमुळें हा मठ प्रसिद्ध. तेथें आतां नाना देशींचे शेंकडों कैदी उवा मारीत बसले. या मठांत दोन तऱ्हांचे कागद तयार होत होते. फ्रँकोच्या सैन्याचा मानसवैद्य वाय्येखो-नाखेरा याला असें सिद्ध करावयाचें होतें कीं, मार्क्सवादी होणें हें बुद्धिमांद्याचें लक्षण आहे. त्यासाठीं त्यानें कैद्यांपुढें धर्म, मद्य, स्त्रीसंबंध यांविषयींच्या प्रश्नावल्या ठेवल्या. निष्कर्ष आधींच ठरला होता, कागद मागाहून भरले गेले. दुसरीकडे इंग्रजी बोलणारे कैदी स्वतःचें हस्तलिखित वृत्तपत्र काढीत. ‘जेल’ आणि ‘डेली’ यांची कोटी करून त्याला त्यांनीं ‘जेली न्यूज’ असें नांव दिलें होतें. एकाच छपराखालीं पकडणारा पकडलेल्याविषयीं लिहीत होता आणि पकडलेला स्वतःविषयीं. इतिहासकाराला दोन्ही हवेत. परंतु पहिल्या प्रकारच्या कागदास कपाट असतें, शिपाई असतो, सरकारी शिक्का असतो. दुसऱ्यास बहुधा एका माणसाचा खिसा. आंतरराष्ट्रीय तुकड्यांचें मुख्य दप्तर मॉस्कोस गेलें. ब्रिटिश गुप्तखात्याची स्पेनला जाणाऱ्यांची नोंदवही २०११ सालीं खुली झाली. अशा दप्तरांत शिरून ‘स्मिथ, जॉन’ या ओळीवर बोट ठेवणाऱ्या संशोधकाला त्या नांवामागें विदर्भांतला माणूस आहे, हें ती ओळ कशी सांगणार?

आम्ही हें लिहीत आहों तें गोरेगांव आतां हिंगोली जिल्ह्यांत आहे. पूर्वीं तें निजामी राज्यांत होतें आणि वऱ्हाडची हद्द येथून दूर नाहीं. त्यामुळें नांव बदलून लढणाऱ्याची अडचण या भागास परकी नाहीं. १९४७-४८ सालीं हद्दीपलीकडे वऱ्हाडांत स्वातंत्र्यसैनिकांचे तळ होते. रात्रीं सरहद्द ओलांडणाऱ्याची पहिली शिस्त म्हणजे अंगावर कागद न बाळगणें. मात्र १९७२ पासून केंद्र सरकारनें स्वातंत्र्यसैनिकांस निवृत्तिवेतन देऊं केलें, तेव्हां पहिली मागणी झाली ती कागदाची! तुरुंगाचा दाखला आणा, नसेल तर सहकैद्याचें प्रमाणपत्र आणा. जो पकडला गेला, त्याचें शौर्य शत्रूच्या नोंदवहीनें सिद्ध केलें; जो हातावर तुरी देऊन निसटला, तो साक्षीदार शोधीत फिरला. खोटे दावेही याच फटींतून शिरले, हें खरें. पण त्याचा भुर्दंड खऱ्यांस पडावा, हें आम्हांस दुःखाचें वाटतें.

हुद्दार ऑक्टोबर १९३८ मध्यें सुटले. कैद्यांची अदलाबदल होऊन ब्रिटिशांच्या मोबदल्यांत इटालियन सोडले गेले. लंडनला पोंचल्यावर जॉन स्मिथ पुनः गोपाळराव झाले. तेथील हिंदी लोकांनीं त्यांचा सत्कार केला आणि ते स्वदेशीं परतले. पुढें ते कम्युनिस्ट झाले. येथें त्यांच्या कागदांस दुसरा शत्रु भेटला, तो म्हणजे पक्षनिष्ठा. एका पक्षाला त्यांचा उत्तरार्ध अडचणीचा, दुसऱ्याला पूर्वार्ध. मग समग्र माणूस जपावयाचा कोणी? सोलापूरच्या डॉ. कोटणिसांशीं ताडून पहा. ज्या वैद्यकीय पथकांतून ते १९३८ सालीं चीनला गेले, त्याचे प्रमुख डॉ. अटल हेही स्पेनमध्यें सेवा करून आलेले. कोटणीस १९४२ सालीं तिकडेच वारले. १९४६ सालीं शांतारामबापूंनीं त्यांच्यावर बोलपट काढला. कोटणिसांचा मोठेपणा त्यानें तसूभर कमी होत नाहीं. परंतु जो परत येतो, मतें बदलतो आणि म्हातारा होतो, त्याच्यावर बोलपट निघत नाहीं, एवढें खरें.

१९७९ च्या ऑक्टोबरांत ‘इलस्ट्रेटेड वीकली’त हुद्दारांचा एक लेख आला. नेताजी बोस यांनीं डॉ. हेडगेवारांच्या भेटीसाठीं आपणांस पाठविलें होतें, त्याची हकीकत त्यांत आहे. आज त्यांचें नांव निघतें तें बहुधा या लेखापुरतें. वादांत दोन्ही बाजूंस तो उपयोगी पडतो, स्पेन कोणासच उपयोगी पडत नाहीं. १९८१ सालीं ते वारले. पुढें १९९६ सालीं स्पेननें हयात असलेल्या परकीय स्वयंसेवकांस आपलें नागरिकत्व देऊं केलें. हुद्दार जगते, तर त्या अर्जाच्या पहिल्याच रकान्यांत कोणतें नांव लिहावें, याचा त्यांस विचार करावा लागला असता.