थुंबा, श्रीहरिकोटा आणि आपले खोडद

नाणेघाटाच्या माथ्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले म्हणजे जुन्नरच्या जुन्या वैभवाचे कारण सांगावयास पोथी लागत नाही. खाली कोकण, पलीकडे कल्याण-सोपाऱ्याची बंदरे, आणि देशावरून तिकडे उतरणारी ही चिंचोळी वाट. शहर माणसांनी वसविले हे खरे. पण त्याची जागा भूगोलाने आधीच दाखवून दिली होती. हाच न्याय लावून आज आम्हांला एका निराळ्या घाटाची हकीकत सांगावयाची आहे. हा घाट पृथ्वीवरून आकाशात चढतो, आणि त्याचा पायथा समुद्रकाठी आहे.

भारताच्या भूमीवरून अवकाशसंशोधनाचा पहिला अग्निबाण 21 नोव्हेंबर 1963 रोजी सायंकाळी केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावाहून उडाला. बाण अमेरिकेचा होता, त्यातील सोडियमच्या वाफेचे उपकरण फ्रान्सचे होते. आपली होती ती जमीन आणि उमेद. बाणाचे भाग सायकलवरून वाहून नेल्याचे त्या काळचे छायाचित्र आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल.

थुंबाच का? कारण चुंबकीय विषुववृत्त या गावाजवळून जाते. मोकळी टांगलेली चुंबकसूची तेथे खाली वा वर न कलता आडवी राहते. आणि त्या पट्ट्यावर सुमारे 100 ते 110 किलोमीटर उंचीवर दिवसा विजेचा एक जोरदार प्रवाह वाहतो. इतक्या उंच फुगा जात नाही आणि इतक्या खाली उपग्रह टिकत नाही. तेथे अग्निबाणच पाठवावा लागतो. विक्रम साराभाईंच्या ज्या सहकाऱ्यांनी ही जागा हेरली, त्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते, याचा आपणांस अभिमान वाटावा.

पण जागा रिकामी नव्हती. तेथे कोळ्यांची घरे होती, मेरी मॅग्दलीनचे चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी तो प्रश्न प्रार्थनेस जमलेल्या मंडळींपुढे ठेवला, आणि त्यांनी संमती दिली. चर्चमध्ये कचेरी थाटली गेली. आज तेथे अवकाशविद्येचे संग्रहालय आहे.

थुंब्याहून बाण वर जाई आणि समुद्रात पडे. उपग्रह फिरता ठेवावयाचा तर मात्र गणित बदलते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावर तिचा वेग ताशी सुमारे 1,670 किलोमीटर असतो. धावत्या गाडीतून पुढे फेकलेल्या चेंडूला गाडीचा वेग आयताच मिळतो, तसा पूर्वेकडे सोडलेल्या बाणाला पृथ्वीचा वेग मिळतो. पण पश्चिम किनाऱ्यावरून पूर्वेकडे बाण सोडावा तर त्याचे जळालेले टप्पे लोकवस्तीवर पडावयाचे. म्हणून 1969 मध्ये पूर्व किनाऱ्यावरचे श्रीहरिकोटा निवडण्यात आले. एका बाजूस पुलिकतचे सरोवर, दुसऱ्या बाजूस बंगालचा उपसागर. 10 ऑगस्ट 1979 रोजी तेथून उडालेले पहिले उपग्रहवाहक यान समुद्रात कोसळले. 18 जुलै 1980 रोजी दुसऱ्याने 35 किलोंची रोहिणी कक्षेत पोहोचविली. ते यान ज्या थुंब्याच्या केंद्रात घडले, त्याचे संचालक त्या वेळी पुण्याचे वसंत गोवारीकर होते. आणि हे बेटही ओसाड नव्हते. तेथील रानावर आणि पाण्यावर जगणाऱ्या यानादी लोकांना आपली वस्ती हलवावी लागली.

आता आपल्या दाराशी येऊ. नारायणगावाजवळ खोडद येथे 30 प्रचंड तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. 14 मध्यभागी, बाकीच्या 16 तीन बाहूंवर, सुमारे 25 किलोमीटरच्या विस्तारात. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही जागा निवडली, ती थुंब्याच्या नेमक्या उलट कारणाने! ज्या चुंबकीय विषुववृत्तासाठी थुंबा निवडले, त्याच्यापासून खोडद पुरेसे दूर आहे. येथल्या वरच्या वातावरणात ती खळबळ नाही. शिवाय भोवती डोंगर, आणि रेडिओलहरींचा गोंगाट कमी. थुंब्याला वादळाच्या जवळ जावयाचे होते, खोडदला शांतता हवी होती.

ही शांतता फुकट मिळत नाही. ती टिकावी म्हणून आसपासच्या कारखान्यांवर निर्बंध आले; पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची नारायणगावाजवळून जाणारी आखणी दुर्बिणीला बाधा येईल म्हणून अडली. ज्या शेतकऱ्याचा टोमॅटो रोज नारायणगावच्या बाजारात उतरतो, त्याने रेल्वे मागू नये असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? आणि जिच्यासाठी साऱ्या जगातले संशोधक येतात ती दुर्बीण आंधळी होऊ द्यावी, असेही म्हणवत नाही.

या भागाला असा त्याग नवीन नाही. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने नाव दिले, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. म्हणूनच थुंब्याचा कोळी, श्रीहरिकोट्याचा यानादी आणि आंबेगावचा विस्थापित यांना एका ओळीत बसविण्याचा अधिकार आपणांस आहे असे आम्ही समजतो. जागा भूगोल दाखवितो. ती द्यावयाची असते तेथल्या माणसांना. थुंब्यास निदान आधी विचारले गेले. आपल्याकडून काही मागणाऱ्यांनी तेवढे करावे, आणि विचारले गेले तर आपणही रागाने नव्हे, समजून उत्तर द्यावे. त्या समजुतीस आजच्या व्याख्यानाने थोडी मदत झाली असेल, तर आमचे काम झाले.