न लावलेला गंधार

साल 1910. होसकोटेहून पहाटेच निघा. बैलगाडीनं बंगळूर गाठा आणि तिथून मीटर गेजची गाडी धरा. हुबळी, बेळगाव मागं टाकत ती तुम्हाला मिरजेला उतरवते. डब्याचा खडखडाट अजून डोक्यात घुमतोय. तो आधी ओसरू द्या, इथं कानाचंच काम आहे.

तंबोरे करणाऱ्याच्या घरात वाळलेल्या भोपळ्यांची रास पडलीय. "बसा की," म्हणत कारागीर तुमच्यासाठी चटई सरकवतो आणि पुन्हा घोडीवर कानस फिरवू लागतो. तार छेडतो, ऐकतो, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसभर पुढं, केसभर मागं करत राहतो. एका जागी येताच मिटलेली तार एकदम खुलते. जवारी लागली.

आता खर्जाकडं कान द्या. तारा लावल्यात पंचम आणि षड्जाला, तरी वर कुठंतरी गंधार स्वच्छ ऐकू येतोय. हा भास नव्हे. तार सबंध हलते तशी भागाभागांनीही हलते. तिचा पाचवा अंश मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा, म्हणजे दोन सप्तकं वरचा गंधार. बाकदार घोडीवर तार टेकत-सुटत राहते, म्हणून हे वरचे अंश दबत नाहीत. तार जिथं छेडावी तिथल्या हिशेबानं काही अंश मुळीच उमटू नयेत, असा युरोपातला नियम आहे. तंबोरा तो पाळत नाही, हे 1921 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन कोलकात्याहून लिहितील.

गंधाराच्या मागोमाग कानात शिरा. शंखासारखी वळलेली ती नळी उलगडली तर जेमतेम 35 मिलिमीटर भरेल. आतल्या पडद्यावर तोंडाशी तार स्वर थरथरतात, टोकाशी खर्ज. प्रत्येक अंशाला आपली जागा. दोन अंश फार जवळ आले की एकाच जागी आपटतात आणि स्वर खरखरीत लागतो. पुढचं काम मेंदूचं: हे सगळे अंश एकाच तारेचे, हे तो ओळखतो. तुमच्या काळातल्या मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्जाचा मूळ कंप जवळजवळ निघतच नाही. तरी वरच्या अंशांवरून मेंदू तो भरून काढतो आणि तुम्हाला खर्जच ऐकू येतो.

मिरजेहून सांगली हाकेच्या अंतरावर. तिथं निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर तारेच्या लांबीवर मोजतात. याच वर्षी त्यांचं 22 श्रुतींवरचं पुस्तक निघालंय. त्यांच्यासारखाच षड्ज 240 धरा. गंधार 300 चा असेल, तर षड्जाचा पाचवा अंश आणि गंधाराचा चौथा, दोन्ही नेमके 1200 वर मिळतात. समान अंतरांनी लावलेल्या विलायती पेटीचा गंधार मात्र 302.4 च्या आसपास. त्याचा चौथा अंश 1209.5 होतो आणि सेकंदाला नऊ-दहा हेलकावे बसतात. पेटी तंबोऱ्याशी भांडते अशी गवयांची तक्रार असते, ती याचीच. तिला हट्ट म्हणणाऱ्यांनी एकदा तंबोऱ्याजवळ बसून ऐकावं.

म्हणून देवलांच्या मोजमापाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण बावीसच्या बावीस श्रुतींना एकेक कायमचा आकडा, हे मला पटत नाही. अंश जुळण्याची कसोटी शुद्ध गंधार, मध्यम, पंचम अशा साध्या गुणोत्तरांपाशी धारदार आहे. बाकी ठिकाणी ती बोथट होत जाते. सहा वर्षं पुढं चला, 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत. 22 श्रुतींच्या पेटीवरून तिथं वाद पेटलाय. पेटीतल्या पत्तीला एकच आकडा माहीत असतो. दरबारीचा कोमल गंधार तर आंदोलित. गवई तो झुलवत ठेवतो, एका जागी उभा राहूच देत नाही. त्याच्यासाठी कुठली पट्टी दाबणार?